लाट नको, आयर्विनचा आकडा दाखवा

बर्फातले थरारपट झाले, समुद्राच्या तळाशी अडकलेले झाले, अंतराळात ऑक्सिजन संपत आलेले तर उदंड झाले. मी वाट बघतोय ती कृष्णेच्या महापुरात घडणाऱ्या मराठी थरारपटाची. आज ना उद्या कुणीतरी तो करणारच. धास्ती एवढीच की पहिल्याच ट्रेलरमध्ये हरभट रोडवरून दहा फुटी लाट धावत येईल आणि अख्खी सांगली थेटरात हसेल.

आपल्याकडे पाणी धावत येत नाही, चढतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट झालं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, मग हळूहळू गावभागाकडे आणि पेठेकडे. कुठल्या फुटाला कुणाच्या दारात पाणी येतं हे लोकांना तोंडपाठ असतं. पुराच्या रात्री फोनवर तब्येतपाणी कुणी विचारत नाही, "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. तासाला काही इंच. मध्येच "थांबलंय" म्हणून बातमी येते, लोक जरा पाठ टेकतात, आणि पहाटे परत इंच चढू लागतात. दिग्दर्शकाला घड्याळ हवं असतं ना, ते 1929 पासून पुलावर तयार आहे.

माणसं अडकतात ती या संथपणामुळेच. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, त्यातल्या कितीतरी जणांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये तोच हिशोब धरला. सामान माळ्यावर टाकलं, दोन दिवसांचं पीठ-तांदूळ वर नेलं आणि थांबले. पाणी 57 च्या वर गेलं. या पिक्चरला खलनायक शोधायला लांब जायला नको. भिंतीवरची 2005 च्या पाण्याची रेघ पुरे. हुशार, अनुभवी माणूस त्या रेघेच्या भरवशावर घरात थांबतो आणि त्याचा अनुभवच त्याला बुडवतो, ही गोष्ट कुठल्याही दहशतवाद्यापेक्षा भारी आहे.

दुसरी चूक हमखास होणार ती पावसाची. पूर म्हटलं की विजा, वादळ, नायकाच्या तोंडावर होसपाइपचं पाणी. सांगलीत नुसती रिमझिम असताना, कधी तर चक्क ऊन पडलेलं असताना पाणी चढतं. पूर आणणारा पाऊस पडतो वर, महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे आकडा जाणं नवीन नाही. कोयना धरण 105.25 टीएमसीचं, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी मावणारं. ते भरत आलं की सहा वक्र दरवाजे उचलतात, पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि तासन्‌तास वाट काढत खाली पोचतं. त्यात हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोघी फुगलेल्या असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागाच नसते, ती मागे तुंबते. म्हणजे धोका डोक्यावरही असतो आणि पायाखालूनही. निरभ्र आकाशाखाली पायऱ्या एकेक करून बुडताना दाखवा, पार्श्वसंगीतसुद्धा लागणार नाही.

घरात पाणी कुठून शिरतं हेही नीट बघा. दारातून नंतर. आधी न्हाणीच्या मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून बुडबुडे येतात, कारण गटारं नदीला जोडलेली आणि नदी गटारापेक्षा उंच झालेली. पुढच्या दाराला वाळूची पोती लावून बसलेल्या माणसाच्या मागे, स्वयंपाकघरातून काळं पाणी येतंय, हा प्रसंग कुणीतरी लिहाच. फ्रिज आडवा होऊन तरंगतो आणि दाराला आडवा येतो. 14.2 किलोचा सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो, त्यामुळे रेग्युलेटर काढून, टोपण लावून तो बांधून ठेवावा लागतो. नाहीतर नळी ताणून तुटते आणि बंद घरात गॅस साठतो. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर तीन फूट रुंद दारावर जवळपास 380 किलोचा दाब येतो. ते लाथेने उघडणारा नायक मला चालणार नाही. आत-बाहेर पाणी सारखं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थरार त्या थांबण्यात आहे. महावितरणने लाईट बंद केली तरी घरातला इन्व्हर्टर चालूच असतो, हे किती पटकथाकारांच्या लक्षात येईल?

आता बोट. इथे मात्र मी अगदी भिंग घेऊन बसणार आहे.

रबरी बोटीला मागे बाहेरून लावलेलं इंजिन, आउटबोर्ड मोटर, बोटवाले त्याला ओबीएम म्हणतात. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून, बऱ्याच इंजिनांना लिटरला 20 मिली. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार उडत राहते, आणि जाणता चालक अधूनमधून वळून तिच्याकडेच बघतो. ती धार थांबली म्हणजे थंड करणारं पाणी आत जात नाही, जाळीत गाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली. तसंच चालवलं तर काही मिनिटांत इंजिन जाम. इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यात अडकायला साड्या, दोरखंड, केबलच्या वायरी, उसाचा पाला, काय वाट्टेल ते. इंजिन बंद करून, वर उचलून, सुरीने कापून काढायचं, आणि तेवढ्या वेळात बोट वाहत चाललेली. खाली फाटकांचे भाले आणि द्राक्षबागेचे अँगल दिसत नाहीत. रबरी बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी ती लगेच बुडत नाही, लुळी पडते. वर बघायचं ते तारांसाठी. रस्त्यावर पाणी बरंच चढलं की खांबावरच्या लोंबत्या वायरी बोटीतल्या माणसाच्या डोक्याशी येतात.

रस्त्यात पाणी संथ वाटतं, पण चौकात आडव्या गल्लीतून येणारी धार बोटीला बाजूला फेकते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. अर्धा फूट वेगवान पाणीसुद्धा धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उचलू शकतं. म्हणून बोट घराला लावताना तोंड धारेकडे, इंजिन चालू, माणसं एकेक करून आत, आणि बसायचं तळाला, कडेच्या फुग्यावर नाही. बोट उलटण्याचं कारण बहुतेक वेळा लाट नसते. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सगळी एकदम एका बाजूला. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून किती जीव गेले हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पिक्चरवाल्यांनी त्या प्रसंगाला हात लावलाच तर जपून लावावा. तिथली माणसं थेटरात असणार आहेत.

बरं, माणसं बोटीत बसायला तयार का होत नाहीत? दावणीला म्हैस असते म्हणून. म्हैस पोहते उत्तम, दावं सोडलं तर बऱ्याचदा स्वतःच उंचवटा गाठते. पण सोडली आणि गेली तर सगळी कमाई गेली. बोटवाला "आजी, चला की आता" म्हणून ओरडतोय, आणि आजी दाव्याची गाठ धरून बसलीय. यापेक्षा कठीण प्रसंग कुठल्या हिमशिखरावर लिहून दाखवा.

मगर येणारच, माहीत आहे मला. कृष्णेत मगरी आहेत, सांगलीत तर मगरमच्छ कॉलनी नावाची वस्तीच आहे, मोह कुणाला आवरणार! एकदा दाखवा, अर्धं डोकं, लांबून. पुढच्या दृश्यात तिने कुणाचा पाय धरला की मी उठून चहा प्यायला जाणार. बोटीत खरी पळापळ करतात ते साप, तेही बिचारे जीव वाचवायला झाडावर चढलेले.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावरून दोन पात्रांत भांडण लागलं तर बरंच. धरणाची 519.60 मीटर पातळी आणि त्यामुळे मागे तुंबणारं पाणी, म्हणजे फुगवटा, यावर इथल्या चहाच्या गाड्यावर सुद्धा मतं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. फक्त पिक्चरने निकाल देऊ नये.

शेवट मात्र हेलिकॉप्टरने करू नका. पाणी उतरायला लागल्यावरचा अर्धा तास ठेवा. भिजून फुगलेल्या मातीच्या भिंती, बाहेरच्या पाण्याचा आधार सुटला की तेव्हाच बसतात, लोक घरं बघायला परत आलेले असतात त्याच दिवशी. चिखल ओला आहे तोवरच फावड्याने आणि पाण्याने काढावा लागतो, वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घालण्याआधी काठी फिरवायची. आणि बोर्ड उघडून, वाळवून, वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. पटकथा लिहिणाऱ्याला सांगून ठेवतो, ज्याला दीड तास वाचवत आणलंय त्या पात्राला त्या स्विचपाशी एकटं सोडा.