राखेच्या ड्रमातून निओडिमियम? आधी गुळाचा हिशेब करा

चंद्रपूर-नागपूरकडच्या गावांत मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: "वीजकेंद्राची राख 20 किलो, गूळ 5 किलो, पाणी 200 लिटर, सुधारित जिवाणूंची एक बाटली. झाकण लावून 15 दिवस ठेवा. तळाशी निओडिमियम बसेल, भाव किलोला लाखो रुपये. उरलेलं पाणी कपाशीला द्या." निओडिमियम म्हणजे चुंबकात वापरला जाणारा धातू. कृती जीवामृतासारखी, म्हणून पटते.

राखेत रेअर अर्थ धातू (निओडिमियम, सेरियम, लँथॅनम वगैरे) असतात, एवढं खरं. पण कोळशाच्या राखेत ते सगळे मिळून सरासरी टनाला 400 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 20 किलोत 8 ग्रॅम. त्यातले निम्मे सेरियम आणि लँथॅनम, दोन्ही स्वस्त. निओडिमियम जेमतेम सव्वा ग्रॅम. त्याच्या ऑक्साइडचा भाव किलोला काही हजार रुपये असतो, लाखो नाही. सगळंच्या सगळं निघालं तरी दहा-पंधरा रुपये हाती. नुसता गूळच दोनशेच्या वर जातो.

जिवाणू धातू तळाशी आणून ठेवत नाहीत. ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडान्स नावाचा जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल करतो, आम्लात धातू विरघळतो, म्हणजे तो पाण्यात जातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये याच जिवाणूचे जनुक एकेक करून बंद पाडले आणि कशाने धातू जास्त विरघळतो ते तपासलं. पण त्याला लागतं ग्लुकोज आणि भरपूर हवा. गुळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साधी साखर. वर झाकण लावलं की यीस्टचं फावतं आणि ड्रमात मोहाच्या सडव्यासारखा वास सुटतो. जे थोडं आम्ल होईल ते राखेतला चुना खातो. शिवाय बराचसा रेअर अर्थ राखेच्या काचेसारख्या बारीक गोळ्यांत अडकलेला. सौम्य आम्लाला ती काच फुटत नाही, आधी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते.

समजा धातू विरघळला. त्याच पाण्यात लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम कितीतरी पटींनी जास्त. ते काढायचे, ऑक्झॅलिक आम्लाने साका बसवायचा, तो 800 अंशांच्या वर भाजायचा. एवढं करून मिळतं मिश्र ऑक्साइड. त्यातून निओडिमियम वेगळं करायला द्रावक आणि ओळीने डझनावारी टाक्या लागतात.

बाटलीचं म्हणाल, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या 1989 च्या नियमांनुसार 'सुधारित', म्हणजे जनुक बदललेले, जिवाणू परवानगीशिवाय विकता येत नाहीत. त्यामुळे बाटली एक तर बेकायदा, नाही तर साधं विरजण. दुसरंच असण्याची शक्यता जास्त.

मेसेजमधली सर्वांत वाईट ओळ शेवटची आहे. आम्ल रेअर अर्थ निवडून काढत नाही. राखेतलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियमही पाण्यात उतरतं. ड्रम भरून बसला असाल तर ते पाणी कपाशीला, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि ढोरं त्या ड्रमापासून लांब बांधा.