आत्या, कासवाचं पिल्लू हातात घ्यायचं नसतं

कासवांचा तो फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. आजवर कानाडोळा केला. पण काल तो आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'नातवंडांना वेळासला नेऊया, पिल्लं सोडायला.' वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं कासवांसाठी ओळखलं जाणारं किनाऱ्यावरचं गाव. आता गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: कोकणातली कासवं मुळात ओडिशाची, वाट चुकून इकडे येतात, गावकरी अंडी उकरून नेतात, हा निसर्गाशी खेळ, किनाऱ्यावर मोठं कासव दिसलं तर ताबडतोब पाण्यात ढकला, आणि पिल्लं हातात घेऊन समुद्रात सोडा, पुण्य लागतं.

आधी पुण्याचं बघू. कोकणात अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं नुकतं बाहेर आलेलं पिल्लू तळहातावर सहज मावतं. पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर त्याला लाटा ओलांडून खोल पाणी गाठायचं असतं, जवळजवळ दिवसभर न थांबता. हातात धरलंत की ते हवेत वल्ही मारत राहतं. फोटोसाठी बादलीत ठेवलंत की बादलीतच पोहत सुटतं. समुद्रासाठीची शिदोरी तुमच्या स्टेटसपायी संपते. त्यात कोणी मोबाईलचा टॉर्च मारला, की ते उजेडाकडे वळतं. वेळासला अंडी किनाऱ्यावरच कुंपणात हलवून वाळूत पुरतात, आणि सकाळ-संध्याकाळ त्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूवर सोडतात, आणि बघे दोरीमागे. हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या पंक्तीला. पुण्य राहू द्या, गुन्हा दाखल व्हायचा.

मोठं कासव ढकलू नका. रात्री आलेली मादी अंडी घालायला आलेली असते. दिवसा निपचित पडलेलं कासव बहुधा जखमी, नाहीतर जाळ्यात अडकून आलेलं. ते फुफ्फुसांनी श्वास घेतं. पोहण्याचं त्राण नसताना पाण्यात लोटलंत तर बुडेल. १९२६ वर वनखात्याला फोन करा.

अंडी हलवण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. जिथल्या तिथे उबलेली बरी. उशिरा किंवा उलटसुलट करून हलवली तर आतला जीव जातो. पण 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासवं वाचवायचं काम सुरू केलं, तेव्हा ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसंच पळवत होती. तेव्हा निसर्ग कोणाला आठवला नव्हता.

राहिला ओडिशा. २७ जानेवारी २०२५ ला गुहागरला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला होता, २०२१ मध्ये ओडिशात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने लावलेला. फॉरवर्डवाल्याने बहुधा एवढंच ऐकलं. पण वाट चुकलेली मादी खड्डा खणून १२० अंडी घालत बसत नाही! त्यातून १०७ पिल्लं निघाली. उलट, २०२३ मध्ये गुहागरलाच सॅटेलाइट टॅग लावलेली 'बागेश्री' नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ती मग काय कोकणातून वाट चुकली?