सहा महिन्यांत निसर्गोपचाराचे ‘डॉक्टर’? त्या मेसेजला माझं उत्तर

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बारावी कुठल्याही शाखेतून चालेल. सहा महिन्यांचा ऑनलाइन निसर्गोपचार डिप्लोमा, सरकारमान्य. नावापुढे डॉ. लावा, क्लिनिक उघडा. नैसर्गिक उपचार, साइड इफेक्ट शून्य. गांधीजींकडे तरी कुठे डिग्री होती?’ रामबागेतल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला, ‘मावशी, फी भरू का?’ म्हणून. पंधरा वर्षं मी निसर्गोपचार केंद्रात काम करतेय. तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

‘सरकारमान्य’ कशावरून? पत्रकाच्या तळाशी तीन नंबर होते: सोसायटीची नोंदणी, उद्यम नोंदणी (म्हणजे छोट्या उद्योगाची नोंद) आणि आयएसओ ९००१ (कामकाजाच्या दर्जाचं प्रमाणपत्र). उद्यम नोंदणी तर पापड लाटणाऱ्या बायकाही करतात. या तिन्हींपैकी कुणीही अभ्यासक्रम तपासलेला नसतो. १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याप्रमाणे पदवी देता येते ती विद्यापीठाला. पत्रकावर विद्यापीठाचं नाव कुठेच नव्हतं.

‘सहा महिने पुरतात.’ निसर्गोपचार आणि योगाची पदवी, बीएनवायएस, साडेचार वर्षांची. वर एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला बायोलॉजी लागतं. आपल्या लोकमान्य नगरातल्या सरकारी अष्टांग आयुर्वेद कॉलेजातली मुलंही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन साडेपाच वर्षं घासतात. फरक एवढाच की आयुर्वेद २०२०च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्यात येतो, निसर्गोपचार येत नाही. या फटीतच अशी दुकानं थाटली जातात.

‘साइड इफेक्ट शून्य’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. गरम पाण्याचं पादस्नान यापेक्षा साधा उपचार कुठला? पण जुना मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्यांची संवेदना गेलेली असू शकते. पाणी पोळतंय हे त्याला कळतच नाही. फोड दिसतात ते दुसऱ्या दिवशी, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून मी आधी त्याचे मोजे काढून तळवे बघते, मग पाण्यात माझं कोपर बुडवते. इन्सुलिन घेणाऱ्याला कुणी परस्पर उपास सांगितला तर साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडू शकतो. किडनी कमजोर असलेल्याला रोज पालेभाज्यांचा रस दिला तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे समोर पेशंट बसवून, कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं.

राहिली गांधीजींची गोष्ट. १९४६ला पुण्याजवळचा उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनीच सुरू केला, खरं आहे. पण १९२४ला अपेंडिक्सला सूज आली तेव्हा पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, हेही तितकंच खरं.

छोटे कोर्स वाईट नाहीत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा देऊन योग शिकवता येतो. मातीची पट्टी, कटिस्नान, मालिश नीट देणाऱ्या मदतनिसांची आम्हाला कायम गरज असते, आणि त्या कामाचा मान मोठा आहे. फक्त त्याने कुणी डॉक्टर होत नाही.

भाचीला मी दोनच प्रश्न विचारायला लावले: सर्टिफिकेटवर कुठल्या विद्यापीठाचं नाव असेल, आणि प्रत्यक्ष उपचार कुठे करायला मिळतील? पलीकडची बाई म्हणाली, ‘व्हिडिओ पाठवतो ना आम्ही, टब घरी घ्या.’ भाचीने फोन ठेवला. आता ती बायोलॉजीची पुस्तकं पुन्हा काढून बसलीय.