पोर्तुगिजांनी संस्कृत चोरली म्हणे! जरा थांबा

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी ग्रूपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या देवस्थानच्या ग्रूपवर तर दोघा-तिघांनी टाकला. मजकूर साधारण असा: पोर्तुगीज भाषेतले दोइश, त्रेश, सेत्, देश, देंत्, देऊश म्हणजे आपले द्वि, त्रि, सप्त, दश, दंत, देव, हे सगळं १५१० नंतर गोव्यातून उचलून नेलं, संस्कृत ही सगळ्या भाषांची आई, पाव हा शब्दसुद्धा संस्कृतच, आणि हे लपवायला इंग्रजांनी प्रोटो-इंडो-युरोपियन (संस्कृत, लॅटिन, ग्रीक या सगळ्यांची मूळ मानलेली भाषा) नावाची खोटी भाषा तयार केली जिचा एकही शिलालेख नाही. खाली नेहमीचं, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

शब्दांचं साम्य खरंय, ते कुणी नाकारत नाही. बाकीचं बघू.

आधी चोरी. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क इथे आला १५१० ला. पोर्तुगालच्या दुसऱ्या आफोन्सो राजाचं मृत्युपत्र पोर्तुगीजमध्ये आहे आणि ते १२१४ चं आहे, त्याच्याही आधी लॅटिनमध्ये दुओ, त्रेस, सेप्तेम, देन्तेम हे शब्द ख्रिस्तपूर्व काळापासून लिहिलेले सापडतात. आल्बुकर्कच्या पणजोबाला सातापर्यंत मोजता येत होतं हो! आणि समजा उचललेच असते तर बाजारात ऐकले तसे सात, दांत असे उचलले असते ना, १५१० साली इथल्या बाजारात सप्त आणि दंत म्हणत भाजी कोण विकत होतं?

मग म्हणतात देश ऐका, अगदी दश! हे मात्र कानाने फसवलंय. लिस्बनच्या उच्चारात शब्दाच्या शेवटी आलेल्या झ चा श होतो म्हणून दहाला देश म्हणतात, मूळ लॅटिन शब्द देकेम, त्यात श कुठेच नाही. खरी गंमत त्या क मध्ये आहे. दश–देकेम, शत–केन्तुम, श्वा–कानिस, अश्व–एक्वुस. संस्कृतात श तिथे लॅटिनमध्ये क, आणि हे एका-दोन शब्दांत नाही, ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतं. उसनवारीत असं होत नाही, एकाच घरातून निघालेल्या भाषांमध्ये होतं.

बरं, मग ते घर म्हणजे संस्कृतच का नाही? इथे ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांनी चकार (त्याने केलं) आणि जगाम (तो गेला) आठवा. कृ चं द्वित्व केलं, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर पुढे पुन्हा घेतलं, तर ककार व्हायला हवं, गम् चं गगाम, मग पुढे च आणि ज का येतात? पाणिनीने त्याला कुहोश्चुः असं सूत्र दिलंय, म्हणजे काय होतं ते सांगितलंय, का होतं ते सांगितलेलं नाही. लॅटिनमध्ये असंच द्वित्व बघा, कानो म्हणजे मी गातो, त्याचं भूतकाळी केकिनी, ग्रीकमध्येही द्वित्वात ए च येतो. म्हणजे संस्कृतच्या पूर्वरूपातही तिथे ऱ्हस्व ए होता, त्या ए मुळे क चा च झाला, नंतर संस्कृतात हे जुने ऱ्हस्व ए आणि ओ दोन्ही अ मध्ये मिसळले, ए गेला पण त्याने केलेला च मागे राहिला. आता जो स्वर संस्कृतने आधीच हरवलाय तो लॅटिनला संस्कृतकडून कसा मिळणार? यात संस्कृतला कमीपणा काहीच नाही, आठ विभक्त्या आणि घ, ध, भ जसे संस्कृतने सांभाळले तसे लॅटिनला जमलं नाही. पण सगळं जपणारी बहीणसुद्धा बहीणच, आई नव्हे.

शिलालेख नाही हा मुद्दा वरवर जोरदार वाटतो. नाहीच, म्हणून तर या मूळ रूपांपुढे तारा (*) लावतात, की बाबांनो हे अनुमान आहे. पण अनुमान तपासता येतं. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९ मध्ये नुसत्या तर्काने मांडलं की मूळ भाषेत काही ध्वनी असे होते जे नंतर गळाले आणि जाताना शेजारचा स्वर लांबवून गेले. आपल्या गोपाल मधला पा आणि लॅटिन पास्तोर म्हणजे गुराखी यातला पा, दोन्ही राखणे या एकाच धातूचे, त्यातला लांब आ असाच. सोस्यूर १९१३ ला वारला. १९१५ मध्ये ह्रोझनी या अभ्यासकाने तुर्कस्तानातल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती ही प्राचीन भाषा उलगडली, त्यात राखणे या अर्थाचा धातू निघाला पह्स्, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की हा ह सोस्यूरच्या हरवलेल्या ध्वनीच्याच जागी आहे. खोट्या भाषेचा ध्वनी जमिनीतून कसा निघतो ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

इंग्रजांचं कारस्थान हे तर गोव्यात बसून बोलूच नये. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असं सांगणारं इंग्रज विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, पण फादर स्टीफन्सने (हो, राशोलला १६१६ साली क्रिस्तपुराण छापणारा तोच) १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. माणूस इंग्रज होता खरा, पण ईस्ट इंडिया कंपनीच १६०० ची. त्याच सुमाराचा सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी, त्याने सप्त–सेत्ते, नव–नोवे, देव–दिओ, सर्प–सेर्पे अशा जोड्या घरी लिहून पाठवल्या, तो १५८८ ला गोव्यातच वारला.

देऊश आणि देव एकाच मुळाचे, हे फॉरवर्डचं बरोबर. कोंकणीत देव बरो दीस दिवं म्हणतात त्यातले देव आणि दीस, आणि पोर्तुगीज बों दिया (शुभ दिवस) मधला दिया, तिन्ही चकाकणे या एका धातूतून आलेत. ग्रीक थेओस मात्र दिसायला तसाच असून वेगळ्याच धातूचा.

राहिला पाव. पाव किलोतला पाव पाद वरून आलाय, चौथा भाग, एकदम मान्य. पदेर (पाववाला) सकाळी सायकलवरून आणतो तो पाव पोर्तुगीज पांव, लॅटिन पानिस, पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव ही गोष्ट कुणीतरी मागाहून जोडली. चोरीची यादीच हवी असेल तर चावी, पगार, जनेल (खिडकी), बटाटा घ्या, फक्त तिथे उचलणारे आपण आहोत.