किलोमीटरला सव्वा रुपया, विमा वेगळा

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" आणि "किलोमीटरला किती पडतं?" दुसऱ्या प्रश्नाची तर आम्ही वाटच बघत असतो. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं तरी मी "घरच्या मीटरवर सव्वा-दीड रुपया" असं सांगून मोकळा होतो. समोरचा मनातल्या मनात आपलं पेट्रोलचं बिल आठवतो आणि गप्प होतो. त्याचं ते गप्प होणं हेच या गाडीचं खरं मायलेज. "आणि विमा?" असं मात्र आजवर एकाही सभ्य गृहस्थाने विचारलेलं नाही. विचारूही नये.

विम्याची मुदत संपायला महिना उरला की फोन सुरू होतात. माझ्या गाडीचा वाढदिवस माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही, पण कुठल्या कुठल्या कॉल सेंटरमधल्या मुलामुलींना तो तोंडपाठ आहे.

"सर, आपकी गाडी पेट्रोल है या डीझल?"

"इलेक्ट्रिक."

पलीकडे शांतता. मग की-बोर्डची टकटक. "तो सर, सीएनजी डाल दूँ?"

सीएनजी नको म्हटल्यावर पुढचा प्रश्न, कितने सीसी. मी म्हटलं, सीसी नसतात, किलोवॉट असतात. त्यावर ती मुलगी मोठ्या समजूतदारपणे म्हणाली, "नहीं सर, वो तो आपके घर के मीटर का होगा." यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या विमा एजंटकाकांना फोन लावला, आणि ते घरीच आले.

काका आमच्या घरात माझ्या वडिलांच्या स्कूटरपासून आहेत. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब, आणि आकडा सांगण्याआधी "साहेब, बसून घ्या" म्हणण्याची पद्धत. मी बसलेलोच होतो. तरी त्यांनी आधी पाणी मागवलं, माझ्यासाठी. मग आकडा सांगितला. चौतीस हजारांना शंभर-सव्वाशे कमी.

"पण गाडी तर जुनी झाली," बायको म्हणाली. "तीन वर्षं झाली. स्वस्त नको का व्हायला?"

"वहिनी, गाडी स्वस्त झालीच आहे," काका म्हणाले. "विमा कशाला होईल?"

मग त्यांनी पोटातलं ओठावर आणलं. नवी गाडी घेताना तीन वर्षांची थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, एकदमच भरावी लागते. २०१८ पासून तसा नियमच आहे. शोरूममध्ये एवढ्या कागदांवर सह्या होतात की त्यातले वीसेक हजार कुठे गेले ते माणसाला कळत नाही. पेढे खाण्याच्या नादात ते गेलेले असतात. आता तीन वर्षं संपली, म्हणून थर्ड पार्टी पुन्हा जिवंत होऊन दारात उभी राहिली.

मी जरा ऐटीत म्हटलं, "काका, इलेक्ट्रिकला थर्ड पार्टीत सरकारने १५ टक्के सवलत दिलीय. मी वाचलंय."

"दिलीय ना. सवलत धरूनच ६,७१२ रुपये."

"आणि आमची आधीची पेट्रोल गाडी असती तर?"

"ती बाराशे सीसीची. ३,४१६."

१५ टक्के सवलत मिळून दुप्पट! तळमजल्यावर एक सीए राहतात. रविवारी सकाळी ते पेपर वाचत बाहेर बसतात, त्यांना मी हे कोडं घातलं. त्यांनी १ जून २०२२ पासूनचं दरपत्रक मोबाईलवर काढलं आणि दोन मिनिटांत मला मान खाली घालायला लावली. पेट्रोल गाडीची थर्ड पार्टी इंजिनाच्या सीसीवर ठरते, इलेक्ट्रिकची मोटरच्या किलोवॉटवर. ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ पर्यंत २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२. आता पेट्रोलचे दर बघा : हजार सीसीपर्यंत २,०९४, दीड हजारापर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. प्रत्येक आकड्यातून १५ टक्के वजा केले की शेजारचा आकडा येतो. सवलत अगदी रुपयापर्यंत चोख आहे. फक्त माझ्या गाडीची मोटर शंभर किलोवॉटच्या आसपासची, त्यामुळे तिला सरकारने थेट मोठ्या एसयूव्ह्यांच्या पंगतीला बसवलं आहे. आमच्या जुन्या गाडीचं बाराशे सीसीचं टर्बो इंजिनही काही फार मागे नव्हतं, पण त्याच्या ताकदीची चौकशी कुणी केली नाही. त्याचं फक्त पोट मोजलं.

"शिवाय," सीए म्हणाले, "गाडीवर जीएसटी तुम्ही ५ टक्के भरलात, विम्यावर १८ भराल." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. सीए लोकांचं हे एक बरं असतं, दुःख दिलं की लगेच पान उलटतात.

थर्ड पार्टीत घासाघीस चालत नाही, तो दर सगळीकडे एकच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मात्र २००७ पासून मोकळे सोडलेत, त्यामुळे खरी भाजीमंडई तिथे भरते. प्रत्येक कंपनीचा भाव वेगळा आणि प्रत्येकाच्या मते शेजाऱ्याचा माल शिळा. काकांनी तीन कोटेशनं टेबलावर पसरली आणि ॲड-ऑन, म्हणजे मूळ विम्यावरची जादा कलमं, वाचायला सुरुवात केली. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई. कन्झ्युमेबल्स. रोडसाइड असिस्टन्स. किल्ली हरवली तर. टायर फुटला तर. उंदरांनी वायर खाल्ली तर. बॅटरी प्रोटेक्ट. चार्जर कव्हर. रिटर्न टू इनव्हॉइस. इंजिन प्रोटेक्ट.

"काका, इंजिन नाहीये."

"हो, ते सवयीनं वाचलं. काढून टाकतो." त्यांनी पेनाने रेघ मारली आणि मला उगाचच काही पैसे वाचल्यासारखं वाटलं. खाली बघतो तर बॅटरी प्रोटेक्टचा आकडा इंजिन प्रोटेक्टपेक्षा मोठा.

"झिरो डेप नको," बायको म्हणाली. "पैसे वाचतील."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. हे ते वर्षातून फारच थोड्या वेळा करतात. "वहिनी, विम्याच्या कागदात लिहिलंय, रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापायचा. हे लिहिलं तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा एक डबा होता. पाणी घालायचा. तुमच्या गाडीत बॅटरी म्हणजे खालची सगळी फरशीच आहे. पन्नास टक्के कशाचे ते बघा."

झिरो डेप राहिलं.

बॅटरीचं भय आमच्या घरात नवीन नाही. मागे सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली होती. हा स्पीडब्रेकर आमच्या सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून करून घेतलाय. उंची त्यांच्या स्वभावाप्रमाणे, आणि चढायला एक बाजू, उतरायला काहीच नाही. आवाज असा आला की वॉचमनने सलाम करायला उचललेला हात कानावर नेला. मी सतरंजी टाकून गाडीखाली मान घातली. मोबाईलच्या उजेडात बॅटरीच्या तळाला वीतभर लांब काळा ओरखडा दिसला.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने फोटो बघूनच श्वास आत ओढला. बॅटरीचं नुसतं खालचं कव्हर सुटं मिळत नाही, लागलं तर अख्खा पॅक, आठएक लाख धरून चाला, असं त्याने शांतपणे सांगितलं. मी वॉरंटीचा कागद पुढे केला : ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. तो म्हणाला, वॉरंटी बॅटरी आतून बिघडली तर, बाहेरून ठोकली तर विमा. विमावाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, बाहेरून ठोकली तर आम्ही, पण आतून बिघडली असेल तर कंपनी, आधी सर्व्हेअर ठरवेल. म्हणजे ओरखडा आतला की बाहेरचा हे ठरेपर्यंत मी कुणाचाच नव्हतो.

काकांनी यात आणखी एक गंमत सांगितली. आयडीव्ही म्हणजे विम्याच्या कागदावर धरलेली गाडीची आजची किंमत; दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. माझ्या गाडीची शोरूममधली किंमत सतरा लाख. तीन वर्षं ओलांडली की घसारा ४० टक्के, म्हणजे आयडीव्ही १० लाख २० हजार. त्याचे तीन चतुर्थांश, ७ लाख ६५ हजार. बॅटरी आठ लाखांची. "म्हणजे साहेब, आजच्या तारखेला वरून चकचकीत, काचेला तडा नाही, एसी गार, गाणी चालू, आणि गाडी कागदावर भंगार." एका स्पीडब्रेकरवर!

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढवली आणि पोराने प्रेशरने पाणी मारलं. ओरखडा निम्मा वाहून गेला. ते डांबर होतं. उरलेला निम्मा खरा होता, पण त्यांच्या यंत्राला जोडून बघितल्यावर आत सगळं ठीक निघालं. क्लेम केला नाही, त्यामुळे तीन वर्षांचा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचला. तो वाचूनही चौतीस हजार, हे लक्षात घ्या.

सांगलीला माझे मेहुणे असतात. त्यांचं म्हणणं, गाडी सांगलीत रजिस्टर करायची होती. यात तथ्य आहे. विम्याच्या जुन्या दरपत्रकात देशाचे दोन झोन केलेत, पुणे-मुंबई झोन अ मध्ये आणि सांगली झोन ब मध्ये. ब मध्ये दर थोडा कमी, कारण तिथे गाड्यांना धोका कमी. मी मेहुण्यांना विचारलं, "२०१९ च्या महापुरात तुमच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर होतं?" ते म्हणाले, पन्नासच्या वर. मग स्वतःच म्हणाले, "पण तवा विम्याला कुटं ठावं हुतं?"

पाण्याचा विषय निघाला की पुण्यालाही बोलायला तोंड नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत गाड्या बुडालेल्या सगळ्यांनी बघितल्या. माझा युक्तिवाद असा की आमची बॅटरी आयपी-६७ आहे, मीटरभर पाण्यात अर्धा तास काही होत नाही, तेव्हा बॅटरी प्रोटेक्ट कशाला? काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खडकवासल्याचं पाणी अर्ध्या तासात परत जातं का, साहेब?"

बॅटरी प्रोटेक्टही राहिलं.

कागदाच्या तळाशी मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा होता, १५ लाखांचा. बायकोने तो आकडा आणि आयडीव्ही एकाखाली एक लिहून घेतले. बराच वेळ बघितलं. "अहो, म्हणजे आता तुमची किंमत गाडीपेक्षा जास्त आहे," ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या कौतुकाने ती माझ्याबद्दल क्वचितच बोलली असेल. मी तेवढ्यावरच पैसे भरायला तयार झालो.

ओटीपी आला, पैसे गेले. काका उठता उठता थांबले. "चार्जर भिंतीवर बसवलाय ना? चार्जरला कव्हर आहे. पण भिंत कुणाची?"

भिंत सोसायटीची. हे वाक्य बोलताना दार उघडं होतं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये सेक्रेटरी राहतात. संध्याकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली : "सर्व विद्युत वाहनधारकांनी आपल्या विम्याची प्रत सोसायटी कार्यालयात त्वरित जमा करावी. सोसायटीच्या भिंतीस इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घेण्यात येईल. झेरॉक्स स्वखर्चाने." खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "स्पीडब्रेकरचा विमा आहे का?" अक्षर मी ओळखलं, पण ते कुणाचं हे सांगणार नाही, कारण मला त्याच घरात जेवायचं असतं.