भाच्याची कलचाचणी

भाचा दहावी झाला. शिंदखेडा तालुक्यातलं खेडं, कापूस, हरभरा, एक विहीर. ताईचा फोन आला, "पोरानं मोबाइलवर करिअरची टेस्ट दिलीय, बघ ना जरा." गेलो. निकाल म्हणे शिक्षक, समुपदेशक वगैरे. मला हसूच आलं. हा पोरगा पाहुण्यांसमोर चार वाक्यं बोलत नाही!

मग त्याची उत्तरं उघडून बसलो. 'यंत्रं दुरुस्त करायला आवडतात का?' ठोकून 'नाही'.

आता हिवाळ्यातली गोष्ट. हरभऱ्याला पाणी भरायचं, लाइट रात्रीची. दीड वाजता मोटार नुसती घुमली, फिरेना. भाऊजी पुन्हा बटण दाबायला निघाले, तर यानं हात धरला. "एक फेज गेलाय, वाइंडिंग जळेल." मेन बंद केला, बॅटरी तोंडात धरली, फ्यूजची तार बदलली. नंतर स्टार्टरही उघडला, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. मी बांधावर कानटोपी घालून उभा होतो, बस.

"मग 'नाही' का लिहिलंस रे?"

"ते काय काम शे का मामा? ते ते घरनं शे." म्हणजे, ते तर घरचंच.

इथंच गाडी अडते. या चाचण्या थापा नसतात. हॉलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये माणसाचा कल आणि कामाचं वातावरण जुळवून पाहायची पद्धत मांडली, आजच्या कितीतरी प्रश्नावल्या त्यावरच उभ्या आहेत. आपल्या बोर्डानंही २०१६ ला दहावीसाठी कलचाचणी आणली होती. पण प्रश्नावलीला पोराची शेतातली रात्र दिसत नाही. तो लिहील तेवढंच तिला कळणार. आणि आपल्याकडचं पोरगं घरच्या कामाला हुन्नर मानतच नाही, कारण आपणच कधी मानलं नाही.

मी तरी कुठे मानलं? गल्लीतल्या सगळ्यांनी डी.एड. केलं म्हणून मीही केलं. २०१२ ला शिक्षकभरती थांबली आणि मी कृषी केंद्रात हिशेब लिहायला बसलो. तिथं कळलं की आकडे मला आवडतात. दुकानाची उधारी मी आठवीपासून सांभाळायचो, पण ते 'घरनं' होतं!

भाच्याला आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स सुचवलाय. त्यानंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नातेवाइकांची तोंडं वाकडी झालीत, होऊ देत. पण ठरवण्याआधी एक वही दिली. पंधरा दिवस रोज लिहायचं: न सांगता काय केलं, कोण कशासाठी बोलवायला आलं.

काल ताईनं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वर भाच्याचं अक्षर: 'दिवसभर काही नाही.' खाली दुसऱ्या पेनानं, ताईच्या वाकड्या अक्षरात: 'सकाळी गिरणीचा पट्टा बसवला. दुपारी आबांची मोटार. संध्याकाळी माझं मिक्सर.'