लेकरांना दटावू नका

‘लेकरासारखा विश्वास ठेवा’ हे वाक्य आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. कुणाचं तरुण पोर गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, की भेटायला आलेली माणसं चहाचा कप खाली ठेवता ठेवता हे म्हणतात. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की, आता काही विचारू नका, देवाला ‘का’ म्हणू नका. मला हे फार खटकतं. येशूने जवळ घेतलेली लेकरं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय एकदा सलग वाचून बघा. उपासनेत आपण तो तुकड्यातुकड्याने ऐकतो, एका रविवारी विधवा, कधी जकातदार, मुलांच्या रविवारी लेकरं. सलग वाचला की वेगळंच दिसायला लागतं. सुरुवातीलाच ती विधवा आहे, न्यायाधीशाच्या मागे लागून लागून त्याला बेजार करणारी. मग लोक आपली तान्ही बाळं येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. शेवटी यरीहोजवळचा आंधळा भिकारी. पुढे चालणारे लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात, तर तो आणखीच मोठ्याने ओरडतो. दोन्ही ठिकाणी दटावणारे कोण? येशूच्याच बरोबर चालणारे. आणि दोन्ही ठिकाणी येशू त्यांचं ऐकत नाही, ज्याला गप्प केलं जातंय त्याला जवळ बोलावतो. या सगळ्यात अतिशय रीतीने, मान देऊन बोलणारा एकच जण आहे, तो श्रीमंत अधिकारी. लहानपणापासून आज्ञा पाळलेला. खिन्न होतो तो नेमका तोच.

तान्ह्या बाळाला कसला आलाय सिद्धांत! त्याला चालतही येत नाही, कुणीतरी उचलून आणावं लागतं. त्याला येतं ते रडणं, आणि आपल्या रडण्याने कुणीतरी धावत येणार याची त्याला शंका नसते. देवाचं राज्य अशांचंच आहे, असं येशू म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या मेकोसाबागेत एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. आजी खाटेवर. प्रार्थना ऐकू यावी म्हणून कूलर बंद केलेला, सगळे घामाने निथळत होते. मोठ्यांच्या प्रार्थना झाल्या, घोटलेल्या, लांबलचक. मग दुसरीतल्या नातीने डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, ‘‘येशूबाबा, आजीला बरं कर. काल पण सांगितलं होतं. काहून नाही केलं?’’

कुणीतरी लगेच तिचा फ्रॉक ओढला. ‘‘असं नाही बोलायचं बेटा. सॉरी म्हण.’’ ती बारीक आवाजात सॉरी म्हणाली आणि आईच्या मागे जाऊन बसली.

त्या खोलीत सगळ्यात मोठा विश्वास त्या पोरीचा होता, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. काल काय मागितलं ते तिला आठवत होतं. त्याचं उत्तर यायला हवं होतं, असं तिला खरंच वाटत होतं. आम्हा मोठ्यांपैकी किती जणांना तसं वाटत होतं?

आजी पावसाळ्याआधीच गेली. कुणी म्हणेल, मग काय उपयोग झाला? पण धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही बापाला म्हटलंच होतं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत विचारलं, माझा त्याग का केलास? पुत्रानेच विचारलेला प्रश्न सात वर्षांच्या मुलीने विचारला तर तिला माफी का मागायला लावायची?

या वाक्याचा आणखी एक वापर चाललाय, तो तर धोक्याचा आहे. शुगरच्या पेशंटला सांगायचं, गोळ्या सोड, लेकरासारखा विश्वास ठेव. अहो, लेकरू आईच्या हातून औषध घेतं की नाही? सीताबर्डीचं मूर मेमोरियल हॉस्पिटल प्रार्थना करणाऱ्या मिशनऱ्यांनीच उभं केलं ना? प्रेषित पौल शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तेही विसरू नका.

प्रश्न विचारल्याने विश्वास ढळतो ही भीती निदान नागपूरकरांनी तरी बाळगू नये. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. ते शुभवर्तमान सांगायचे, शाळा चालवायचे, आणि टाकळीच्या नि सीताबर्डीच्या खडकांमध्ये जीवाश्म शोधत फिरायचे. हा दगड इथे कसा आला, हे विचारणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते गेले. आज त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपली मुलं शिकतात.

माझी मागणी साधी आहे. संडे स्कूलमध्ये मुलांकडून वचनं पाठ करून घेतो, ते चालूच राहू दे. पण दर रविवारी दहा मिनिटं मुलांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू द्या. वऱ्हाडीत, हिंदीत, तक्रारीच्या सुरात, जशी येईल तशी. शिक्षकांनी मध्ये सुधारायचं नाही. पाळकसाहेबांशी मी बोललोय, ते तयार आहेत. आपापल्या मंडळीत हे सुरू करता येईल का, ते कमिटीच्या पुढच्या बैठकीत नक्की विचारा.